टॉक्सो आयजीएम पॉझिटिव्ह आणि त्यानंतरचे २२ दिवस

शनिवारी दुपारी साडेतीनला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला तेव्हा मी गच्चीवर आजींबरोबर मटार सोलत बसले होते. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई, ८४ वर्षांच्या, आणि त्यांच्या पायाशी ठमी, आमची मांजर, उन्हात पाय ताणून झोपलेली. जानेवारीतलं इंदूरचं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको, उठावंसंच वाटत नाही. पीडीएफ उघडली. दहा ओळी, त्यातल्या निम्म्या ठळक अक्षरात, आणि टॉक्सोप्लाझ्मा आयजीएमच्या पुढे वर जाणारा एक बाण. (टॉक्सो म्हणजे एका जंतूचं इन्फेक्शन, आणि आयजीएम म्हणजे शरीर त्याविरुद्ध बनवतं ती एक अँटिबॉडी.) आकडा १.९, आणि खाली लिहिलेलं की १ च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह. मी गरोदर होते, नववा आठवडा त्याच दिवशी पूर्ण झाला होता.

दोन वर्षांपूर्वी माझं एकदा सातव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं होतं. त्यामुळे ह्या वेळेस घरापासून जवळ पडतं म्हणून ज्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा दाखवलं तिथे ‘पहिलं का गेलं ते बघून घेऊ’ म्हणत टॉर्च पॅनल लिहून दिलं, आणि आम्ही काही न विचारता करून टाकलं. टॉर्च म्हणजे एका दमात टॉक्सो, रुबेला, सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) आणि हर्पीस, प्रत्येकाचं आयजीजी आणि आयजीएम, ह्या दोन्ही प्रकारच्या अँटिबॉडी. हे मला आता पाठ झालंय, तेव्हा काहीच माहीत नव्हतं, मला वाटलं थायरॉईड-शुगरसारखंच काहीतरी असेल.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन त्याच क्लिनिकला गेलो. तिथे जे झालं ते मी अजून विसरले नाहीये. पाच मिनिटंसुद्धा नाही, रिपोर्ट बघितला, ‘इन्फेक्शन ताजं आहे, बाळाच्या डोळ्यांवर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो, अजून वेळ आहे, घरी जाऊन ठरवा’ एवढंच सांगितलं. ठरवा म्हणजे काय ठरवा ते माझ्या नवऱ्यालाही कळलं आणि मलाही. स्कूटरवर मागे बसून राजेंद्र नगरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, तोही बोलला नाही, मध्ये पेट्रोल भरायला थांबलो तिथेही नाही.

घरी चुलत सासूबाई आलेल्या होत्या. काकूंनी सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य काय, तर ‘त्या मांजरीला आधी घराबाहेर काढा’. दुसरं वाक्य त्याहून वाईट होतं, ‘वय आहे अजून, रिकामं होऊन जाऊ दे, पुन्हा राहील’. त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला आता समजतं, त्यांच्या भाचीच्या बाळाला जन्मतः काहीतरी होतं आणि ते सगळं त्यांनी जवळून बघितलंय. पण त्या रात्री मला ते ऐकवलं नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘सोमवारपर्यंत कोणी काही ठरवायचं नाही, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं, मगच बोलायचं’. आईंचं ते एक वाक्य धरून मी रविवार काढला.

रविवारी नवरा गप्प बसला नाही, तो दुसऱ्या एका लॅबमध्ये घेऊन गेला, तेच आयजीजी आणि आयजीएम परत करून घ्यायला. सोमवारी सकाळी त्यांचा रिपोर्ट आला, आयजीएम ‘इक्विव्होकल’, म्हणजे ना इकडचं ना तिकडचं, आणि आयजीजी ६१. पहिल्या लॅबचं आयजीजी १४८ होतं. आम्ही दोघं इतके खूश झालो, १४८ वरून ६१ वर आलं म्हणजे उतरतंय, बरं होतंय! त्याने तर ऑफिसमधून दोनदा फोन केला. ही चूक मी मुद्दाम लिहितेय कारण कोणीही करेल अशी आहे.

सोमवारी संध्याकाळी जुना पलासियाच्या डॉक्टर मॅडमची वेळ मिळाली. जाऊबाईंच्या दोन्ही बाळंतपणांना ह्याच मॅडम होत्या. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘शेवटची पाळी कधीची, आणि हे रक्त कोणत्या तारखेला काढलं?’ रिपोर्ट कधी आला ते नाही, रक्त कधी काढलं ते. मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर मागच्या बाजूला त्यांनी चार खाने काढले आणि समजावलं, ते मी जसं आठवतं तसं सांगते.

दोन्ही निगेटिव्ह असेल तर तुम्हाला हे इन्फेक्शन कधी झालेलंच नाही, म्हणजे आत्ता होऊ शकतं, म्हणजे खरी काळजी घ्यायची ती अशा बाईने. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलं, प्रतिकारशक्ती नीट असेल तर बाळाला सहसा धोका नाही. फक्त आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह, तर एकतर अगदी नवीन किंवा मग खोटं पॉझिटिव्ह, दोन-तीन आठवड्यांनी परत बघायचं, खरं असेल तर आयजीजी तोवर उगवतंच. आणि चौथा खाना माझा, दोन्ही पॉझिटिव्ह. मॅडम म्हणाल्या हा सगळ्यात गोंधळाचा, कारण लोकांना वाटतं आयजीएम म्हणजे आत्ताचं. आयजीएम इन्फेक्शननंतर आठवड्याभरात वर येतं हे खरं, पण जातं कधी ते माणसागणिक वेगळं, काहींचं काही महिन्यात जातं, काहींचं वर्ष उलटून गेलं तरी मशीन पकडतच राहतं. शिवाय नुसतं खोटं पॉझिटिव्ह येतं ते वेगळंच. आयजीजी दोनेक आठवड्यात येतं, महिना-दोन महिन्यात सगळ्यात वर पोचतं आणि मग थोडं उतरून जन्मभर राहतं.

‘म्हणजे तुला इन्फेक्शन झालं होतं का, तर हो, झालेलं दिसतंय. पण तो आपला प्रश्नच नाहीये. आपला प्रश्न आहे, कधी झालं. दिवस राहायच्या आधी की नंतर. आणि हा रिपोर्ट त्याचं उत्तर देत नाही.’

हे ऐकून मी रडले. शनिवारपासून पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं की उत्तर अजून आलेलं नाही. नवऱ्याने १४८ आणि ६१ दाखवलं, तर त्यांनी मान हलवली, दोन वेगळ्या कंपन्यांची किटं, वेगळी मशीनं, ह्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही, एकीकडचे १४८ आणि दुसरीकडचे ६१ म्हणजे एकच गोष्ट असू शकते. तुलना करायची तर दोन्ही रक्तं, तीन आठवड्यांच्या अंतराने काढलेली, एकाच लॅबमध्ये, एकाच दिवशी, एकाच मशीनवर लावायची. तेव्हा जर आयजीजी चौपट वाढलेलं दिसलं तर ते ताजं. मग लगेच म्हणाल्या, ‘पहिल्या लॅबला उद्या सकाळी फोन कर, तुझा सीरम टाकू नका म्हणून सांग’. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होतं ते पिवळसर पाणी.

आणि त्यांनी जी टेस्ट लिहून दिली तिचं नाव आयजीजी ॲव्हिडिटी.

ॲव्हिडिटी म्हणजे काय ते मी घरी जाऊन सगळ्यांना सांगायचा प्रयत्न केला. आपलं शरीर सुरुवातीला ज्या आयजीजी अँटिबॉडी बनवतं त्या जंतूला सैलसर धरतात, आणि महिने जातात तशी पकड घट्ट होत जाते. लॅबमध्ये काय करतात, तर अँटिबॉडीला जंतूच्या अंशावर चिकटू देतात आणि मग युरियाच्या पाण्याने धुतात, पकड सैल असेल तर ती सुटते, घट्ट असेल तर टिकते, आणि धुतल्यावर किती उरली त्याचा हिशोब म्हणजे ॲव्हिडिटी. नवऱ्याला कळलं, आईंना अर्धं कळलं, आजी ऐकत होत्या त्या म्हणाल्या, ‘अगं म्हणजे रंग पक्का की कच्चा ते धुवून बघायचं. माहेश्वरी आणली की मी पदराचं टोक आधी पाण्यात धरते, तसंच ना?’ अगदी तसंच. मला ह्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मॅडमनी एक गोष्ट दोनदा सांगितली आणि मी पण इथे दोनदा सांगेन. ॲव्हिडिटी हाय आली, म्हणजे पकड घट्ट निघाली, तर इन्फेक्शन कमीत कमी चारेक महिन्यांपूर्वीचं असतं. मी नवव्या-दहाव्या आठवड्यात होते, म्हणजे चार महिन्यांपूर्वी पोटात बाळ नव्हतंच, म्हणजे सुटले. पण हीच टेस्ट मी सहाव्या-सातव्या महिन्यात केली असती तर हाय येऊनही काही उपयोग नव्हता, कारण चार महिने मागे गेलं तरी बाळ होतंच. म्हणून ही टेस्ट लवकर करायची, पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत. आणि उलट बाजू, लो आली तर लगेच हातपाय गाळायचे नाहीत, कारण काही जणींची ॲव्हिडिटी वर्षभर लोच राहते. हाय म्हणजे नक्की जुनं, लो म्हणजे नक्की नवीन असं नाही. ही टेस्ट एकाच बाजूने खात्री देते.

मी विचारलं, आणि लो आली तर? त्या म्हणाल्या तरी त्याच दिवशी काही संपत नाही, स्पायरामायसिन नावाची गोळी आहे, ती आईकडून बाळाकडे जाणं अडवायला देतात, मग १८ आठवड्यांनंतर गर्भजलाचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून बाळाला खरंच लागण झालीये का ते बघतात, सोनोग्राफी असते, आणि लागण झालीच असेल तर पुढची वेगळी औषधं आहेत. आईला इन्फेक्शन झालं म्हणजे बाळाला झालंच असंही नाही, सुरुवातीच्या महिन्यांत बाळापर्यंत पोचायचं प्रमाण कमी असतं, पण पोचलं तर त्रास जास्त, आणि शेवटच्या महिन्यांत त्याच्या उलट. नुसत्या एका आयजीएमवर गर्भपाताचा विचार करणं चूक आहे, असं त्या स्पष्ट बोलल्या. नंतर मी वाचलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्ट किटांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, १९९७ मध्येच डॉक्टरांना लेखी कळवलं होतं की टॉक्सोच्या आयजीएम किटवर एकट्यावर विसंबून गरोदर बाईचा निर्णय घेऊ नका. १९९७! मी तेव्हा बालवाडीत होते. आणि मला २७-२८ वर्षांनंतर शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटांत ‘ठरवा’ म्हणून घरी पाठवलं जातं. मला त्या डॉक्टरांवर राग काढायचा नाहीये, पण माझ्या जागी कोणी एकटी असती, सोमवारची वाट न बघणारी असती, तर? हा विचार मला अजून झोपेतून उठवतो.

मंगळवारी सकाळी साडेआठला पहिल्या लॅबला फोन केला. फोनवर मराठी मुलगा निघाला, माझं आडनाव ऐकून लगेच मराठीत बोलायला लागला. म्हणाला, ‘ताई, आमच्याकडे सॅम्पल आठवडाभर ठेवतो, मग डिस्कार्ड होतं, तुमचं गुरुवारचं आहे ना, परवा गेलं असतं’. त्याने ते शोधून वेगळ्या छोट्या नळीत काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. मी नंतर गेले तेव्हा त्याने दाखवलंसुद्धा, बोटाच्या पेराएवढी झाकणाची नळी, आत तळाला पिवळसर, गोठलेलं, जेमतेम अर्धा चमचा असेल, आणि वर निळ्या मार्करने माझा नंबर आणि तारीख. एवढंसं ते, आणि माझा सगळा जीव त्यात अडकलेला. त्याला मी त्या दिवशी मनापासून थँक्यू म्हटलं आणि त्याला बहुतेक कळलंच नाही कशासाठी.

ॲव्हिडिटी इंदूरच्या त्या कलेक्शन सेंटरला होत नाही, सॅम्पल मुंबईला जातं. मंगळवारीच घरी येऊन रक्त घेऊन गेले. उपाशीपोटी असायची गरज नाही, पण मी घाबरून चहासुद्धा घेतला नव्हता, पाणीही जेमतेम प्यायले होते, आणि त्यामुळे शीर सापडेना. घरी आलेला मुलगा अगदी नवीन असावा, एकदा टोचलं, आत सुई फिरवली, मग दुसऱ्या हाताला, ‘दीदी, मुट्ठी बंद रखो, बस हो गया’, सिरिंजने ओढ ओढ ओढलं आणि तेच मग पिवळ्या झाकणाच्या नळीत जोराने दाबून भरलं. फेस आलेला मी बघितला पण मला काय माहीत.

शुक्रवारी फोन आला, सॅम्पल रिजेक्ट. ‘हिमोलाइज्ड’. म्हणजे लाल पेशी फुटून सीरम लालसर झालेलं, त्यावर टेस्ट लागत नाही. सीरम स्वच्छ, गवती चहाच्या पाण्यासारखं पिवळं हवं, आमचं डाळिंबाच्या रसासारखं झालं होतं. चार दिवस गेले. नवरा इतका शांत माणूस, पण फोनवर त्याचा आवाज चढला, आणि मग फोन ठेवून तो माझ्याशेजारी जमिनीवरच बसला.

शनिवारी आम्ही स्वतः सेंटरवर गेलो. ह्या वेळेस मी सकाळी व्यवस्थित पोहे खाल्ले, दोन ग्लास पाणी प्यायले. तिथे एक वयस्क सिस्टर होत्या, त्यांनी हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकला, एकदाच टोचलं, रक्त आपोआप नळीत जाऊ दिलं, ओढलं नाही की हलवलं नाही, फक्त नळी हळूच चार-पाच वेळा उलटी-सुलटी केली आणि स्टँडमध्ये उभी ठेवली. अर्धा तास गोठू देतात, मग मशीनमध्ये फिरवतात, मग जेलच्या वर सीरम येतं. मी विचारलं मी बघू का, तर त्यांनी थांबवून दाखवलं. स्वच्छ पिवळं. मी म्हटलं सिस्टर, हे चांगलं आहे ना? त्या म्हणाल्या, ‘बिल्कुल बढ़िया है बेटा’.

त्याच दिवशी मॅडमनी फोनवर सांगितलं की आता उशीर झालाय तर रिपोर्ट येईपर्यंत स्पायरामायसिन सुरू करून टाकू, नुकसान नाही. ही गोळी आमच्या कॉलनीतल्या दुकानात नव्हती, पुढच्या दोन दुकानांत नव्हती, शेवटी नवरा आरएनटी मार्गच्या दवा बाजारात गेला आणि तिथे मिळाली. दिवसातून तीन वेळा, मोठ्या गोळ्या, मला मळमळ आधीच होती ती दुप्पट झाली. संध्याकाळची गोळी घेतली की मी लिंबू हुंगत बसायचे.

त्या आठवड्यात घरात सगळ्यात मोठा विषय ठमी होती. काकू रोज फोन करत होत्या. आजी काही बोलत नव्हत्या पण ठमीला आपल्या खोलीत घेऊन दार लावून बसायच्या, जेवायलासुद्धा उशिरा यायच्या. मग मी मॅडमना विचारलं आणि जे कळलं ते सगळ्यांना सांगितलं. हा जंतू मांजरीच्या विष्ठेतून येतो हे खरं, पण मांजर तो साधारण आयुष्यात एकदाच, तिला स्वतःला पहिल्यांदा लागण होते तेव्हाचे एक ते तीन आठवडे बाहेर टाकते, बहुतेक लहान असताना, शिकार करायला लागते तेव्हा. ठमी नऊ वर्षांची आहे. आणि विष्ठेतला जंतू लगेच लागत नाही, त्याला बाहेर एक ते पाच दिवस लागतात तयार व्हायला, म्हणून रोजच्या रोज साफ केलं तर धोका फारच कमी, आणि गरोदर बाईने ते साफ करायचंच नाही, दुसऱ्याने करायचं. मांजरीला हात लावल्याने, ती मांडीवर बसल्याने सहसा होत नाही. त्यापेक्षा नीट न शिजलेलं मटण, बागेतली माती, न धुतलेली कोथिंबीर-मुळा, ह्यातून जास्त होतं. आमच्याकडे रविवारी मटण होतं, आणि ते शिजलंय का बघायला कुकर उघडून एक तुकडा तोंडात टाकायची सवय माझीच. आणि अंगणात मेथी, कोथिंबीर, पुदिना लावायची हौसही माझीच, हातमोजे कोण घालतं. कुठून आलं ते कधीच कळणार नाही, असं मॅडम म्हणाल्या.

पण मला एक गोष्ट आठवली. मागच्या मे महिन्यात मी माहेरी देवासला होते, तेव्हा मानेला मागच्या बाजूला कानाखाली सुपारीएवढी गाठ आली होती, दुखत नव्हती, थोडी कणकण, थकवा. माझे बाबा घाबरले होते की टीबीची तर नाही. तिथल्या डॉक्टरांनी आठ दिवस बघू म्हटलं आणि ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप बसली, मी विसरूनही गेले. हे मी मॅडमना सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या टॉक्सोमध्ये बऱ्याच जणांना काहीच होत नाही, आणि होतं तेव्हा असंच, मानेची गाठ. त्यावरून पक्कं काही म्हणता येणार नाही, पण मे म्हणजे माझ्या पाळीच्या तारखेच्या पाच-साडेपाच महिने आधी. मी त्या रात्री आईला फोन करून विचारत होते की गाठ नक्की मेमध्येच होती ना, लग्नाच्या आधी होती का नंतर, मावसबहिणीच्या हळदीच्या फोटोत मानेवर काही दिसतंय का. आईने फोटो पाठवले. त्यात मी मान तिरकी करून उभी आहे आणि मानेवर मोगऱ्याचा गजरा आलाय, काही दिसत नाही.

रिपोर्ट पुढच्या शनिवारी आला, पहिल्या रिपोर्टच्या बरोब्बर १४ दिवसांनी. मी उघडलाच नाही, नवऱ्याला म्हटलं तू बघ. तो बाथरूमच्या दाराशी उभा राहून वाचत होता आणि त्याने फक्त ‘हाय’ एवढंच म्हटलं, मला वाटलं तो मला हाय करतोय. मग आम्ही दोघं तिथेच, पॅसेजमध्ये, आई धावत आल्या, मग आजी, आणि कोणालाच कळेना की हसायचं की रडायचं.

मॅडमना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, रक्त काढलं तेव्हा दहा आठवडे पूर्ण, ॲव्हिडिटी हाय, इन्फेक्शन दिवस राहायच्या आधीचं, गोळी बंद कर. आणि फ्रीजरमधलं सीरम आहे तर एकदा जोडीने लावून घेऊ, फाइलमध्ये राहील, पुढे कोणी परत हा आयजीएम बघून घाबरवायला नको. तीन आठवडे होतील त्या दिवशी मी दुसरं रक्त दिलं, त्याच लॅबमध्ये, त्या मराठी मुलाने दोन्ही एकाच रनमध्ये लावले. पहिल्याचं आयजीजी १४१, दुसऱ्याचं १४६. आयजीएम १.९ आणि १.८. म्हणजे तीन आठवड्यांत काहीही हललं नाही. आणि ज्या गुरुवारच्या रक्ताचं तेव्हा १४८ आलं होतं त्याच रक्ताचं आता १४१, म्हणजे तेवढा फरक मशीनचाच असतो, हेही तेव्हा कळलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालंय, ती पण प्लॅन करतेय, ती म्हणाली ताई मी टॉर्च करून घेऊ का. मी तिला मॅडमकडेच नेलं. त्यांनी टॉर्चचं पूर्ण पॅनल नको म्हटलं, मिसकॅरेजचं कारण शोधायलाही त्याचा फारसा उपयोग होत नाही म्हणाल्या, म्हणजे माझंही मुळात गरजेचं नव्हतंच. तिच्या घरी दोन मांजरीची पिल्लं आहेत आणि ती काळजी करत होती, म्हणून आधीच एकदा फक्त टॉक्सोचं आयजीजी करू म्हणाल्या. तिचं निगेटिव्ह आलं. ती खूश झाली, मी नाही झाले. तिला मी बसवून सांगितलं की आपल्या दोघींत आता सांभाळून राहायचं ते तुला, माझं होऊन गेलंय. मातीत हात घालताना मोजे, भाज्या नीट धुवून, मटण पूर्ण शिजवून, पिल्लांची घाण नवऱ्याने रोज काढायची, तू नाही.

तेविसाव्या दिवशी, म्हणजे जोडीचा रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मॅडमनी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘टॉक्सो जुनं, गर्भधारणेपूर्वीचं. ॲव्हिडिटी हाय. पुन्हा तपासू नये.’ खाली सही, तारीख. घरी आल्यावर आजींनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग उठल्या, आपल्या खोलीचं दार उघडलं आणि ठमीला हाक मारली.